पद एका वर्षाचं, वाट आठ वर्षांची

संघटनेतलं उपाध्यक्षपद घ्यावं की नाही, हा प्रश्न नंतरचा. कोणत्या वर्षी घ्यावं, हे आधी ठरव.

एमडी-पीएचडीची वाट साधारण आठ वर्षांची. पहिली दोन वर्षं वर्गात, मग चारेक वर्षं लॅबमध्ये, मग पुन्हा दोन वर्षं वॉर्डमध्ये. पहिल्या दोन वर्षांत तू कॉलेजची प्रतिनिधी झालीस ते चांगलंच झालं. एखाद्या समितीत साधी सभासद म्हणूनही जा, पण त्यापुढे नको. वॉर्डमध्ये परतल्यावर तर कोणतंच मोठं पद घ्यायचं नाही. पहाटे उठून राउंडच्या आधी पेशंट बघून येणारी मुलगी रात्री नऊच्या मीटिंगला बसली, तर दोन्हीकडे अर्धीमुर्धीच असते, आणि त्यातली एक बाजू पेशंटची आहे. पदाचा खरा काळ म्हणजे पीएचडीचं दुसरं आणि तिसरं वर्ष. पात्रता परीक्षा मागे पडलेली असते, थिसिसचा विषय हाताशी आलेला असतो आणि प्रयोगाच्या वेळा बऱ्याचशा आपल्या आपण ठरवता येतात.

अध्यक्षपदाचा हिशेब आणखी वेगळा. अमेरिकन फिजिशियन सायंटिस्ट्स असोसिएशनमध्ये, आपल्या ‘आप्सा’त, ते पद एका वर्षाचं दिसतं, पण आधी नियोजित अध्यक्ष, मग अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष, असं माणूस त्यात तीन वर्षं बांधलं जातं. म्हणून कॅलेंडर पुढ्यात घेऊन बस. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नियोजित अध्यक्ष झालीस, तर ऐन अध्यक्षपदात थिसिस लिहायचा आणि माजी अध्यक्ष असताना सर्जरीच्या ड्युट्या करायच्या, अशी वेळ येईल. तुझ्या आजीचं ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे वाक्य तुला पाठ आहे. इथलं अंथरूण वर्षांचं आहे.

तारीख ठरली की पहिली गोष्ट गाइडला सांगायची. निवडून आल्यावर नाही, अर्ज भरायच्या आधी. आठवड्याला किती तास जातील, कोणत्या महिन्यात जास्त जातील, परिषदेच्या आठवड्यात लॅबमधले उंदीर कोण बघणार, हे सगळं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. बहुतेक गाइड हो म्हणतात. गाइडला मीटिंगची बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळणं, यासारखी विश्वासाला तडा देणारी दुसरी गोष्ट नाही. उद्या एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या, एफ-३० फेलोशिपसाठी आणि पुढे रेसिडेन्सीसाठी पत्र त्यांनाच लिहायचं आहे, हेही ध्यानात ठेव.

आता, ही संस्था कशासाठी आहे ते मनात पक्कं असू दे, कारण पदावर असताना रोजच्या ईमेलच्या ढिगात तेच हरवतं. एमडी आणि पीएचडी एकत्र देणारा पहिला अभ्यासक्रम १९५६ मध्ये क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात निघाला. १९६४ मध्ये एनआयएचने अशा शिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉलेजं तीन होती: अल्बर्ट आइनस्टाइन, नॉर्थवेस्टर्न आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी. आज ती पन्नासाहून अधिक आहेत. तरीही १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो इशारा दिला होता, की पेशंट बघणारा संशोधक ही नामशेष होऊ घातलेली जात आहे, तो इशारा जुना झालेला नाही. हेच विनगार्डन पुढे एनआयएचचे संचालक झाले. २०१४ मध्ये एनआयएचच्याच समितीने मोजदाद केली, तेव्हा या देशातल्या डॉक्टरांमध्ये संशोधन हे मुख्य काम असणारे दीड टक्क्याच्या आसपासच निघाले.

गळती कुठे होते, हे बाहेरून दिसत नाही. वर्षांचा आकडा मोठा आहे म्हणून मुलं सोडून जातात, असं नाही. तुझ्या वर्गातली मुलं दोन वर्षांनी वॉर्डमध्ये जातात, तू लॅबमध्ये जातेस. त्यांच्या पदवीदानाला तू टाळ्या वाजवायला प्रेक्षकांत असतेस. लॅबमधल्या पीएचडीच्या मुलांना तू डॉक्टरकीची वाटतेस आणि वॉर्डमधल्यांना लॅबची. चार वर्षांनी स्टेथोस्कोप गळ्यात घालून परततेस तेव्हा तुझ्याबरोबर शवविच्छेदन केलेली मैत्रीण सिनियर रेसिडेंट झालेली असते आणि तुझं पेशंट-प्रेझेंटेशन ऐकून चुका सांगते. बॅच नावाची गोष्ट आपल्या लोकांना नसतेच. २००३ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी आप्सा उभी केली. तिची बोधवाक्यं काहीही असोत, माझ्या लेखी ती या मुलांची बॅच आहे. पद घेतलंस की तुझं काम एवढंच: आपण एकटे आहोत असं वाटून कोणी या वाटेवरून उतरू नये.

म्हणूनच मला विचारशील तर सगळ्यांत मोलाचं पद तुझ्याकडे आत्ताच आहे. कॉलेज प्रतिनिधीचं काम लोक ईमेल पुढे पाठवण्यापुरतं समजतात. तू तसं समजू नकोस. एक काम हातात घे आणि तेच नीट कर: लॅबमधून वॉर्डमध्ये परतणाऱ्यांसाठी संध्याकाळचा सराव. परतण्याच्या महिना-दीड महिना आधीपासून, आठवड्यातून एकदा, अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी आणि परतणारी दोन-तीन मुलं, एवढीच माणसं. मोठं सभागृह नको, पिझ्झाची जाहिरात नको. प्रत्येकाने एक पेशंट तोंडी मांडायचा: वय, तक्रार, किती दिवसांपासून, आधीचे आजार, औषधं, तपासणी, आणि शेवटी ‘मला काय वाटतं आणि आज काय करायचं’. चार वर्षं लॅब-मीटिंगमध्ये बोललेली मुलं हटकून पार्श्वभूमीपासून सुरू करतात आणि मुद्द्यावर यायला पाच मिनिटं लावतात. वॉर्डमध्ये अटेंडिंग तेवढं थांबत नाही. शिवाय हॉस्पिटलची संगणक-नोंदपद्धत या चार वर्षांत बदललेली असते. ऑर्डर कुठे टाकायची, नोट कुठे लिहायची, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवलं की पहिल्या आठवड्याची निम्मी धास्ती जाते. पोटॅशियम कमी आलं तर किती द्यायचं, कोणत्या वाटेने द्यायचं, किती सावकाश, अशा दहा-बारा गोष्टींची चिठ्ठी खिशात असली की उरलेलीही बरीच जाते. हे काम करणाऱ्या प्रतिनिधीचं नाव राष्ट्रीय पातळीवर कोणाला माहीत नसतं. तिच्या कॉलेजातली मुलं मात्र तिला पुढची वीस वर्षं फोन करतात.

सचिवपदाबद्दलही लोकांचे असेच गैरसमज आहेत. एक-एक वर्षाच्या पदांवर चालणाऱ्या संस्थेची सगळी स्मरणशक्ती सचिवाच्या फाइलींत असते. मीटिंगच्या नोंदीत कोण काय बोललं, याची रामकहाणी नको. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, या तीन गोष्टी हव्यात, आणि त्या मीटिंग संपल्यावर त्याच रात्री सगळ्यांकडे गेल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या आठवणीत वेगळीच मीटिंग झालेली असते.

आपल्या गावाकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा कधी खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पदाचं तसंच धर. पद घेतलंस त्याच आठवड्यात सोपवणीची फाइल उघड. शेवटच्या महिन्यात लिहायला बसलेली फाइल भाषणासारखी होते. रोजच्या रोज लिहिलेली कामाची होते. त्यात काय लिहायचं? हॉटेलशी करार कोणत्या महिन्यात करावा लागतो, कोणत्या देणगीदाराला पत्र चालतं आणि कोणाला फोन लागतो, अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत संपायच्या आदल्या रात्री किती ईमेल येतात आणि त्यांना काय उत्तर द्यायचं, परीक्षकांपैकी कोण वेळेवर गुण देतो. संस्थेचा ईमेल, पासवर्ड, बँकेवरच्या सह्या, वेबसाइटचं नूतनीकरण, यांतलं काहीही तुझ्या खाजगी खात्यावर ठेवू नकोस. पुढची मुलगी आली की एक महिना दोघींनी मिळून काम करायचं: पहिले दोन आठवडे तू कर आणि तिने बघायचं, पुढचे दोन तिने करायचं आणि तू बघ.

मीटिंग पाऊण तासाच्या वर नेऊ नकोस. बोस्टनमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा सॅन डिएगोमध्ये सहाच वाजलेले असतात, तिथली मुलगी अजून लॅबमध्ये सेल्सना मीडिया घालत असते. उलट सकाळची मीटिंग ठेवलीस तर तिला पहाटे उठवशील. म्हणून वेळ आलटून पालटून ठेव. त्रास वाटून घेतला की कोणाच्या मनात अढी राहत नाही.

एखाद्याने काम घेतलं आणि केलं नाही, तर सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये त्याचं नाव काढायचं नाही. फोन कर. पहिलं वाक्य कामाबद्दल नको, ‘कसं चाललंय?’ एवढंच विचार. आपल्या मुलांच्या बाबतीत बऱ्याच वेळा उत्तर निघतं की प्रयोग वर्षभर लागत नाहीये, गाइड दुसऱ्या विद्यापीठात चाललेत, घरी आई आजारी आहे. काम तेवढ्यापुरतं काढून घे, पण माणूस समितीत राहू दे. ‘तुला जमेल तेव्हा परत ये’ हे नुसतं म्हणू नकोस, दोन महिन्यांनी स्वतः फोन करून बोलाव. आणि ज्याच्या बोलण्यावरून तुला खरीच काळजी वाटेल, त्याला त्याच्या कॉलेजच्या समुपदेशकाकडे पोचवायची खटपट त्याच दिवशी कर, मीटिंग थांबली तरी चालेल.

आणखी एक खोड आहे, ती आपल्या घरांतल्या मुलींत जास्त दिसते. घरात कार्य असलं की ‘दुसऱ्याला सांगत बसण्यापेक्षा मीच करते’ म्हणत आई-मावश्या सगळं अंगावर घेतात, आणि आपण तेच बघत वाढतो. समितीची अध्यक्ष अशी वागली तर वर्षअखेरीस कार्यक्रम छान होतो आणि समिती मरते, कारण बाकी कोणाला काही शिकायलाच मिळालेलं नसतं. दुसऱ्याने तुझ्यापेक्षा जरा कमी नीट केलेलं पोस्टर छापून जाऊ दे. स्पेलिंग तेवढं तपास.

वक्त्यांना पत्र लिहिताना लाजू नकोस. आप्साची वार्षिक परिषद एप्रिलमध्ये शिकागोला भरते, आणि तीही दोन मोठ्या संस्थांच्या बरोबरीने. असोसिएशन ऑफ अमेरिकन फिजिशियन्स १८८५ ची, विल्यम ऑस्लर तिच्या संस्थापकांतले. तिच्यात जागा मोजक्या आणि त्याही ज्येष्ठांच्या ताब्यात, म्हणून तरुण मंडळींनी १९०८ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन काढली. लोक त्यांना ‘यंग टर्क्स’ म्हणत. त्यांचे पहिले अध्यक्ष सॅम्युएल मेल्टझर. १९२४ पासून ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’ हीच संस्था चालवते, आणि सभासद निवडताना ती वयाची अट पाळत आली आहे. सांगायचं ते हे, की परिषदेच्या दालनात बसलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसांची संस्थाही एकेकाळी पोरांनीच उभी केली होती. तुझं पत्र त्यांना आगाऊ वाटणार नाही.

पत्र मात्र नीट लिही. सहा महिने आधी. एका परिच्छेदात तारीख, गाव, किती मिनिटं बोलायचं, समोर कोण असेल, प्रवासाचा खर्च कोण करणार. त्यांच्या कामाबद्दल एकच वाक्य, पण ते तू त्यांचा पेपर वाचल्याशिवाय लिहिता येणार नाही असं हवं. स्तुतीची आरती नको. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यांच्या सहायकाला फोन कर आणि त्या सहायकाचं नाव सोपवणीच्या फाइलीत लिहून ठेव. पुढच्या दहा वर्षांतल्या समित्यांना ते उपयोगी पडेल. वक्त्यांच्या यादीत किती बायका, किती कमी प्रसिद्ध कॉलेजांतले, कितीजण अजून स्वतःच्या पहिल्या ग्रँटसाठी झगडणारे, हे यादी पक्की व्हायच्या आधी मोज. नोबेलवाल्यांना ऐकून मुलं भारावतात, पण पाच वर्षांपूर्वी रेसिडेन्सी संपवलेल्या माणसाला ऐकून ती प्रश्न विचारतात.

पैशांबाबत एक आग्रह मनापासून धर. प्रवास-मदत मिळालेल्या विद्यार्थ्याला ‘आधी खर्च करा, पावत्या पाठवा, मग पैसे मिळतील’ असं सांगू नका. स्टायपेंडवर जगणाऱ्या मुलाच्या क्रेडिट कार्डावर हॉटेलचं बिल दोन महिने पडून राहतं, आणि ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज तोच ‘मला जमणार नाही’ म्हणून घरी बसतो. खोली संस्थेच्या नावाने घ्या, तिकीट आधी काढून द्या. खजिनदार कुरकुर करेल. तिच्याबरोबर बसून मार्ग काढ, पण यावर मागे हटू नकोस.

पोस्टरच्या वेळी पदाधिकाऱ्यांनी एकमेकांशी गप्पा मारत कॉफीच्या टेबलापाशी उभं राहायचं नाही. हॉलच्या टोकाला, खांबाच्या मागे ज्याचं पोस्टर लागलंय आणि ज्याच्यासमोर कोणी थांबत नाही, त्याच्याकडे जा. ‘सांग ना, काय केलंस?’ म्हण आणि पूर्ण ऐक. मग जाणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला हाक मारून म्हण, ‘सर, हे बघून जा.’ अशा पोस्टरपाशी पहिल्यांदा कोणीतरी मन लावून ऐकलं म्हणून या वाटेवर राहिलेली मुलं मला माहीत आहेत.

तुला मिरजेहून, नागपूरहून, पुण्याहून ईमेल येतील: ‘मी एमबीबीएसला आहे, अमेरिकेत एमडी-पीएचडी करायचं आहे.’ आपलं नाव बघून मुलं हक्काने लिहितात. उत्तर दे, आणि खरं दे. एनआयएचचं ट्रेनिंग अनुदान अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं, म्हणून बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. थोडी घेतात, ती स्वतःच्या पैशांवर. गोड बोलून आशेला लावणं हा अन्याय आहे. त्याच पत्रात दुसऱ्या वाटा लिही: आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन योजना, एमबीबीएसनंतर इकडे येऊन पोस्टडॉक आणि मग रेसिडेन्सी, आणि तिथेच राहून काम करणं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात विंचूदंशाचे पेशंट बघता बघता प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ज्या रक्तगटाचं वर्णन केलं, तो जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. समितीत कधी ‘पीएचडी नसलेल्यांना आपण का घ्यायचं’ असा वाद निघाला, तर तू ही दोन उदाहरणं दे. एमडी करता करता संशोधन करणारे, ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांतले डीओ-पीएचडी, अजून बीएस्सीला असलेली पोरं, सगळ्यांना दार उघडं हवं. आपण मुळात इतके कमी आहोत, की दारात उभं राहून चाळण लावण्यात काही अर्थ नाही.

धोरणाच्या कामात जपून. एनआयएचच्या बजेटसाठी खासदाराच्या कार्यालयात जाशील, तर तिथल्या तरुण सहायकाला आकड्यांची जंत्री देऊ नकोस. त्यांच्या मतदारसंघातलं कॉलेज, तिथली एक लॅब, तिथे ज्या आजारावर काम चालतं तो आजार असलेली माणसं, एवढं पाच मिनिटांत सांग आणि एक पान ठेवून ये. संस्थेच्या नावाने बोलायचा अधिकार कोणाला आहे, हे आधी लिहून ठरलेलं असू दे. धर्मादाय म्हणून करमाफी असलेल्या संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही; तुझं स्वतःचं मत तू तुझ्या नावावर मांड, सहीखाली पद लिहू नकोस.

पद संपल्यावर विचारलं तर उत्तर द्यायचं, न विचारता मीटिंगमध्ये ‘आमच्या वेळी’ सुरू करायचं नाही. नव्या अध्यक्षांनी तुझी आवडती योजना बंद केली तरी त्यांना वर्षभर त्यांचं काम करू दे.

तेव्हा बाळ, उपाध्यक्षपद यंदा नको, पात्रता परीक्षा झाल्यावर घे. या वर्षी वॉर्डमध्ये परतणाऱ्यांची ती संध्याकाळ सुरू कर. तुमच्याकडच्या प्रादेशिक बैठकीच्या वक्त्यांची यादी झाली की मला पाठव. कोणी माझ्या ओळखीचं निघालं, तर तुझं पत्र जायच्या आधी मी त्यांच्याशी बोलून ठेवेन.